कृष्णधवल फिल्मचे घरगुती विकसन

कृष्णधवल फिल्मचे घरगुती विकसन म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश मिळालेली कृष्णधवल फिल्म व्यावसायिक प्रयोगशाळेकडे न पाठवता घरीच, बहुधा स्वतः तोलून-मापून तयार केलेल्या द्रावणांच्या साहाय्याने, प्रक्रिया करून तिच्यापासून टिकाऊ निगेटिव्ह मिळवण्याची पद्धत होय. बोलीभाषेत या कामाला ‘रोल धुणे’ म्हणतात. विकसन, विकसन थांबवणे, स्थिरीकरण, धुणे आणि वाळवणे हे तिचे क्रमाने येणारे टप्पे आहेत. यांपैकी विकासक द्रावण कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व अशा घरगुती वस्तूंपासून करता येते. स्थिरीकरणासाठी लागणाऱ्या हायपोला मात्र स्वयंपाकघरात खरा पर्याय नाही. प्रतिमा उमटवणे सोपे आणि ती टिकवणे अवघड, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्रात या पद्धतीला मोठी परंपरा असून भारतातील पहिल्या पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाची फिल्मही घरीच विकसित झाली होती.

सुप्त प्रतिमा आणि विकसन

फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो व त्यात चांदीच्या ब्रोमाइडचे, अल्प प्रमाणात आयोडाइडचे, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. या थराला पायस म्हणतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांवर धातुरूप चांदीचे मोजके अणू तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून या अवस्थेला सुप्त प्रतिमा असे नाव आहे. विकासक हा सौम्य क्षपणक असतो. ज्या स्फटिकांवर चांदीचे हे बीज पडले आहे, त्यांचेच तो आधी क्षपण करतो व संपूर्ण स्फटिकाची काळी चांदी करतो. प्रकाश न मिळालेले स्फटिक तसेच राहतात. विकासक फार तीव्र असला किंवा फिल्म त्यात फार वेळ राहिली तर हा विवेक सुटतो व सगळीच फिल्म करडी होते. तिला ‘धुके धरले’ असे म्हणतात.

कोणत्याही विकासकात साधारणपणे चार घटक असतात. पहिला क्षपणक, दुसरा त्याला कार्यक्षम करणारा अल्कधर्मी पदार्थ, उदाहरणार्थ सोडा किंवा बोरॅक्स (टाकणखार), तिसरा हवेतील ऑक्सिजनपासून क्षपणकाचे रक्षण करणारा सोडियम सल्फाइट, आणि चौथा धुके आवरणारा पोटॅशियम ब्रोमाइड. घरगुती कृती कितीही विचित्र वाटली तरी तिच्यात पहिले दोन घटक असावेच लागतात.

महाराष्ट्रातील परंपरा

छायाचित्रणाच्या आरंभकाळी घरगुती रसायन हा छंद नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर थर देणे, चित्र घेणे आणि विकसन करणे ही सर्व कामे थर ओला असेपर्यंत काही मिनिटांत उरकावी लागत. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकारांपैकी होते. या पिढीतील प्रत्येक छायाचित्रकाराला चांदीच्या लवणांशी प्रत्यक्ष हाताने व्यवहार करावा लागे; बोटांवरील काळे डाग ही त्यांची ओळखच होती.

चलच्चित्रांच्या बाबतीत मात्र आरंभी उलट घडले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रण केले, परंतु ती फिल्म विकसनासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. जे चित्रित केले ते बरे आले की वाईट, हे कळण्यासाठी जहाजाच्या फेरीची वाट पाहावी लागणे हा नवशिक्यासाठी मोठाच अडसर होता. चूक आज कळली तर उद्या सुधारता येते. काही महिन्यांनी कळली तर प्रसंगच निघून गेलेला असतो.

हा अडसर धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी दूर केला. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण, गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय आणि पुढे लोणावळ्यातील मुद्रण व ब्लॉकनिर्मितीचा उद्योग यांमुळे अंधाऱ्या खोलीतील रसायन त्यांच्या हातात बसलेले होते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत निर्मितीची प्रक्रिया पाहिली आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी करून एप्रिलमध्ये परतले. त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांविना मिळे. ती छिद्रे घरी, अंधारात पाडावी लागत. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत केलेले ‘अंकुराची वाढ’ हे सुमारे मिनिटभराचे चित्रण त्यांनी आधी तयार केले. भांडवल देऊ शकणाऱ्यांना विश्वास वाटावा हा त्यामागील हेतू होता.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. दादर येथील ‘मथुरा भवन’ या राहत्या बंगल्यातच त्याचा स्टुडिओ आणि अंधारी खोली होती. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी येतात, म्हणजे अंतिम प्रतीतच सुमारे ५९ हजार चौकटी होत्या. निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेली प्रत अशी ही लांबी दोनदा द्रावणांतून काढावी लागली. त्या काळच्या सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे फिल्म लाकडी चौकटींवर गुंडाळून उभ्या टाक्यांत बुडवली जाई व मोठ्या पिंपावर गुंडाळून वाळवली जाई.

या कामातील सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक आहे. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे आणि फिल्म विकसित करणे ही कामे त्या करीत. त्याच काळात चमूतील साठ-सत्तर माणसांच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. भारतातील पहिल्या स्त्री-तंत्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख पुढे होऊ लागला, परंतु चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव दीर्घकाळ ‘दागिने गहाण ठेवणारी पत्नी’ एवढ्याच मर्यादेत राहिले. वजने, तापमान आणि वेळ यांवर ज्या कामाचे यश अवलंबून असते, ते काम ‘मदत’ या शब्दात मावत नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी त्याहीपुढे जाऊन कॅमेराच स्वतः घडवला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) चित्रित केला.

पुढील अर्धशतकात ही विद्या गावोगावच्या फोटो स्टुडिओंत स्थिरावली. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि हायपो सुटे घेऊन तराजूवर तोलणे हा स्टुडिओचालकाचा नित्याचा भाग असे. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले व ‘इंदू’ या नावाची देशी फिल्म बाजारात आली. रंगीत फिल्मची प्रक्रिया तापमानाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असल्याने ती यंत्रांकडे गेली, डिजिटल कॅमेऱ्यांनी उरलेले काम संपवले आणि उटकमंडचा कारखानाही बंद पडला. आज ही पद्धत मुख्यतः हौशी छायाचित्रकार आणि कलाशाळांतील विद्यार्थी वापरतात.

तोलून केलेले विकासक

स्टुडिओंच्या काळातील सर्वांत परिचित कृती कोडॅक कंपनीची डी-७६ ही होय. १ लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम असतात. त्याहून सोपी डी-२३ ही कृती: मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम, एवढेच. घटक विरघळवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मेटॉल सल्फाइटच्या तीव्र द्रावणात विरघळत नाही, म्हणून चिमूटभर सल्फाइट टाकलेल्या कोमट पाण्यात आधी मेटॉल आणि मग उरलेला सल्फाइट, असा क्रम पाळतात. मेटॉलमुळे काहींच्या त्वचेवर तीव्र पुरळ उठते. हातमोजे वापरणे श्रेयस्कर.

कॉफीपासून विकासक

१९९५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्कॉट विल्यम्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांपासून विकासक तयार करून दाखवला. त्याला ‘कॅफेनॉल’ हे नाव मिळाले. नाव फसवे आहे. काम करते ते कॅफीन नव्हे, तर कॅफेइक आम्ल. त्याच्या रेणूत बेंझीनच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात आणि हीच रचना अनेक नामांकित विकासकांत आढळते. पुढे त्यात क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, मिसळण्याची पद्धत रूढ झाली. दोन क्षपणक एकत्र आले की त्यांची शक्ती नुसत्या बेरजेपेक्षा अधिक होते व विकसनाचा वेळ निम्म्याहून कमी होऊ शकतो.

सर्वाधिक वापरली जाणारी कृती १ लिटरसाठी अशी आहे: निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम; २० अंश सेल्सियसला सुमारे १५ मिनिटे. १०० आय. एस. ओ.च्या आसपासच्या फिल्मला ती चांगली लागू पडते. ४०० आय. एस. ओ.च्या फिल्मला धुके लवकर धरते, म्हणून तिच्यासाठी लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात.

या कृतीत बहुतेक चुका सोड्यापाशी होतात. धुण्याचा सोडा हा सोडियम कार्बोनेट, तर खाण्याचा सोडा हा सोडियम बायकार्बोनेट. दुसऱ्याने फिल्म जवळजवळ विकसित होतच नाही. पापडखार हा मिश्र स्वरूपाचा पदार्थ असल्याने त्याचाही भरवसा धरता येत नाही. शिवाय बाजारातील धुण्याचा सोडा कधी भुकटीच्या रूपात निर्जल असतो, तर कधी चमकदार स्फटिकांच्या रूपात. स्फटिकांत वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असल्यामुळे ५४ ग्रॅमच्या जागी सुमारे १४६ ग्रॅम घ्यावे लागतात. दोन्ही ओळखण्याची एक सोपी खूण आहे: निर्जल सोडा विरघळताना पाणी गरम होते, स्फटिकी सोडा विरघळताना ते गार पडते. खाण्याचा सोडा कोरड्या कढईत बराच वेळ तापवून निर्जल कार्बोनेटही करता येतो. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात. वजन आणखी घटेनासे झाले की क्रिया पूर्ण झाली असे समजावे.

कॉफीच्या बाबतीत गाळून करावयाची पूड उपयोगाची नाही, विरघळणारीच हवी; तीही शक्यतो चिकोरीविरहित. चिकोरीचे प्रमाण वाढले की अंदाज चुकतो. स्वस्त रोबस्टा कॉफी येथे महागड्या कॉफीपेक्षा सरस ठरते, कारण कॅफेइक आम्लाचे मूळ असलेले क्लोरोजेनिक आम्ल तिच्यात अधिक असते. क जीवनसत्त्वाच्या औषधी गोळ्यांत साखर, रंग आणि भरण असते. शुद्ध भुकटी घेणे बरे. आधी सोडा, तो पूर्ण विरघळून पाणी निवळल्यावर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (या वेळी फेस येतो) आणि शेवटी कॉफी, असा क्रम ठेवतात. द्रावणाला उग्र, नकोसा वास येतो. ते तासाभराच्या आत वापरावे व साठवून ठेवू नये.

वनस्पतिज क्षपणकांची कल्पना मात्र नवी नाही. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४१ मध्ये एकस्व घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीत मायफळातून मिळणारे गॅलिक आम्ल वापरले जाई आणि त्याच आम्लापासून होणारे पायरोगॅलॉल पुढे दीर्घकाळ प्रमुख विकासक होते. सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीच्या रानात मिळणारा, कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरला जाणारा हिरडा याच कुळातील टॅनिनांनी समृद्ध आहे. चहा, पुदिना आणि द्राक्षांचा लाल मद्यार्क यांपासूनही विकासक करता येतो. परंतु निकाल दर वेळी वेगळा येतो, त्यामुळे महत्त्वाचा रोल अशा प्रयोगात घालू नये.

कोणतेही घरगुती द्रावण वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा उजेडात करता येते. फिल्मच्या आरंभीचा, प्रकाश लागलेला तुकडा त्यात बुडवावा. काही मिनिटांत तो काळा पडला तर द्रावण जिवंत आहे. मागे उल्लेखिलेली सोड्याची चूक या चाचणीत हमखास पकडली जाते. एवढा तुकडा वाचवण्यासाठी संपूर्ण रोल गमावणे हा शुद्ध अविचार होय.

तापमान आणि पाणी

जवळजवळ सर्व कृतींत २० अंश तापमान गृहीत धरलेले असते आणि त्या थंड देशांत तयार झालेल्या आहेत. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील सपाटीवर, रहिमतपूर, कोरेगाव, खटाव या भागांत, एप्रिल-मे महिन्यांत टाकीतील पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. १ अंश वाढला की वेळ साधारण १० टक्क्यांनी घटवतात; २० अंशांना १५ मिनिटे लागणाऱ्या विकासकाला २४ अंशांना सुमारे १० मिनिटे पुरतात. त्यापुढे हा हिशेब धोक्याचा ठरतो. वेळ इतका कमी होतो की विकसन पट्ट्यापट्ट्यांनी होते, आणि जिलेटिन फुगून मऊ पडल्याने नखाच्या स्पर्शानेही ओरखडा उठतो.

कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच गार असते व बर्फाच्या थोड्याशा मदतीने ते योग्य तापमानाला आणता येते. बर्फ द्रावणात न टाकता बाहेरच्या परातीत ठेवावा, अन्यथा द्रावण पातळ होते. विकासक, स्थिरीकारक आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात मोठा फरक पडू देऊ नये. गार विकासकातून निघालेली फिल्म एकदम उकाड्यातील पाण्यात गेल्यास जिलेटिनला जाळीदार सुरकुत्या पडतात व त्या कधीच जात नाहीत. उष्ण प्रदेशांसाठी जिलेटिन कठीण करण्याचा जुना उपाय म्हणजे तुरटी. ती केवळ आम्लधर्मी द्रावणात काम करते. साध्या हायपोत तशीच टाकली तर गंधक सुटून द्रावण दुधाळ होते. विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्यात सोडा टाकताच चुन्याचा पांढरा गाळ येतो, म्हणून विकासकासाठी शुद्धीकरण यंत्रातील पाणी किंवा उकळून निवळलेले पाणी घेतात.

प्रत्यक्ष कृती

फिल्म चक्रीवर चढवून प्रकाशबंद डब्यात ठेवेपर्यंत संपूर्ण अंधार लागतो. फाळक्यांच्या काळातील फिल्म लाल प्रकाशाला असंवेदनशील असल्याने त्यांना लाल दिव्यात काम करता येई. आजची सर्वरंगसंवेदी फिल्म लाल दिव्यातही खराब होते. खिडकीवर घोंगडी टाकलेले न्हाणीघर रात्री पुरेसे ठरते. दाराखालच्या फटीत कापड कोंबून पाच मिनिटे आत बसल्यावरही काही दिसत नसेल तर अंधार खरा. चक्रीवर फिल्म चढवण्याचा सराव टाकाऊ रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून करावा. डब्याचे झाकण लागल्यावर पुढील सर्व कामे उजेडात होतात.

विकासक ओतल्यावर पहिला अर्धा मिनिट डबा सतत, सावकाश उलटा-सुलटा करतात व नंतर दर मिनिटाला तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी डबा ओट्यावर हलकेच आपटला म्हणजे बुडबुडे सुटतात. वेळ संपताच विकासक ओतून टाकून विकसन थांबवतात. मेटॉलच्या सौम्य विकासकानंतर पातळ व्हिनेगर किंवा लिंबूफुलाचे द्रावण चालते. कॉफीच्या विकासकात मात्र कार्बोनेट भरपूर असल्याने आम्ल लागताच वायू सुटून थराला सूक्ष्म छिद्रे पडण्याचा संभव असतो. तेथे साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळणेच योग्य.

स्थिरीकरण आणि धुणे

विकसनानंतर फिल्मवर न बदललेले स्फटिक उरलेले असतात. ते काढले नाहीत तर उजेडात ते हळूहळू काळे पडतात. हे काम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, करते. जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच चांदीची लवणे विरघळवण्याचा त्याचा गुण नोंदवला होता आणि १८३९ मध्ये तो छायाचित्रणात वापरला गेला. टॅलबट यांनी आरंभी मिठाच्या संपृक्त द्रावणाचा उपयोग केला होता व तो उपाय आजही कोणी कोणी सुचवतात. परंतु मीठ अतिशय संथ असून आधुनिक फिल्ममधील आयोडाइडपुढे ते हतबल ठरते. हायपो महाग नाही. मत्स्यपेटीच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी विकले जाणारे स्फटिक बहुधा हेच असतात. लिटरला २०० ते २५० ग्रॅम घेऊन कोमट पाण्यात विरघळवावेत, कारण विरघळताना पाणी फार गार होते.

किती वेळ ठेवावे याचे उत्तर घड्याळापेक्षा फिल्मच नेमके देते. कोरा तुकडा हायपोत टाकून तो पूर्ण पारदर्शक होण्यास लागलेला वेळ मोजावा व त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा. ताज्या द्रावणाच्या तुलनेत हा वेळच दुप्पट झाला की द्रावण थकले असे समजून बदलावे. थकलेल्या हायपोत फिल्म वरकरणी स्वच्छ दिसते, पण न विरघळणारी संयुगे आत राहतात. काही वर्षांनी पिवळे-तपकिरी डाग पडू लागतात. अनेक घरांतील जुन्या निगेटिव्ह आणि छायाचित्रांवरील डाग काळामुळे आले असे मानले जाते. त्यांतील पुष्कळसे स्थिरीकरणात वाचवलेल्या पाच मिनिटांचे असतात.

धुण्यासाठी अर्धा तास वाहते पाणी ही जुनी रीत. खटाव-माणसारख्या टंचाईच्या भागात ती परवडणारी नाही आणि आवश्यकही नाही. इलफर्ड कंपनीने प्रचारात आणलेल्या पद्धतीत डबा पाण्याने भरून ५ वेळा उलटतात व पाणी टाकतात. मग नवे पाणी घेऊन १० वेळा आणि पुन्हा नवे पाणी घेऊन २० वेळा. तीन डबे पाण्यात काम होते, मात्र हायपोत तुरटी नसेल तरच. तुरटीने कठीण झालेला थर हायपो सहजी सोडत नाही. शेवटच्या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादाच थेंब टाकला तर थेंबांचे डाग पडत नाहीत. फिल्म धुळीपासून दूर, पंखा बंद ठेवून, खाली चिमट्याचे वजन लावून टांगतात.

भांडी, सांडपाणी आणि जतन

विकसनाची भांडी, चमचे व गाळणी स्वयंपाकात पुन्हा वापरू नयेत. घटक खाण्यापिण्याचे असले तरी तयार द्रावण खाद्य नाही, आणि कॉफीच्या रंगाचे द्रावण तर मुलांच्या हाती लागण्याचा धोका अधिक. बाटलीवर नाव व तारीख लिहिणे अनिवार्य मानावे. वापरलेल्या हायपोत फिल्मवरून निघालेली चांदी असते व ती पाण्यातील जीवांना घातक आहे. स्टुडिओ आणि क्ष-किरण केंद्रांतील असा हायपो विकत घेऊन त्यातून चांदी काढणारे व्यावसायिक असत. घरगुती प्रमाणात द्रावणात लोखंडी काथ्या काही दिवस बुडवून ठेवल्यास चांदी त्यावर गाळाच्या रूपाने जमते.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहे, ती १९१७ च्या पुनर्निर्मित आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म मुळातच नाशवंत व ज्वालाग्राही होती. आजच्या फिल्मची पट्टी तशी नसते, परंतु दमट हवेत जिलेटिनवर बुरशी येतेच. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत न ठेवता आम्लविरहित कागदी पाकिटात, पावसाळ्यात सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवतात आणि प्रत्येक पाकिटावर फिल्मचे नाव, विकासकाची कृती, तापमान व वेळ नोंदवतात.